मुंगी बाहेर, विषही बाहेर

मुंगी कुणाच्या घरी येत नाही? शहापूरच्या बाजारपेठेतल्या पक्क्या घरात येते. डोळखांबकडच्या पाड्यावर कुडाच्या घरात येते. मुरबाड तालुक्यात टोकावडे, धसई, सरळगाव, सगळीकडे येते. तिला गरीब-श्रीमंत कळत नाही. तिला एवढेच कळते, की इथे गूळ उघडा आहे, इथे साखर सांडली आहे, इथे सुकटीचा डबा नीट लागलेला नाही.

मुंग्या फार झाल्या की आपण दुकानात जातो. तिथे काय बोलणे होते? बहुधा असे होते:

“शेठ, मुंग्यांनी जीव खाल्ला. काहीतरी जालीम औषध द्या.”

“हे न्या. एकदम जोरदार आहे. सकाळी टाका, संध्याकाळी सगळं साफ.”

औषध घरी येते. चुलीजवळ टाकले जाते. उरलेली पुडी फळीवर, मिठाच्या डब्याशेजारी ठेवली जाते. घरात रांगते मूल असते. अंगणात कोंबड्या असतात. मुंगी मरते खरी, पण तिच्याहून मोठा शत्रू आपण हाताने घरात आणून ठेवलेला असतो.

म्हणून या पाठात दोन गोष्टी पाहू या. मुंगी घराबाहेर कशी ठेवावी, ही पहिली. विषही घराबाहेर कसे ठेवावे, ही दुसरी. पहिली गोष्ट नीट जमली, तर दुसरी आपोआप जमते.

मुंगी येते कशी?

चोर पकडायचा तर चोराची चाल कळली पाहिजे. मुंगीचेही तसेच आहे.

एक मुंगी आधी एकटीच हिंडते. भिंतीवरून, फळीवरून, इकडे जाते, तिकडे जाते. तिला गुळाचा कण सापडला, की ती बिळाकडे परत फिरते. परत जाताना ती आपल्या पोटाचे टोक जमिनीला टेकवत जाते. त्यातून एक वास जमिनीला लागतो. आपल्याला तो येत नाही. पण दुसऱ्या मुंगीला तो बरोबर कळतो. ती त्या वासावरून चालत गुळापर्यंत पोचते. परत येताना तीही वास सोडते. अशा दहा आल्या, शंभर आल्या, की वास घट्ट होतो आणि रांग लागते. म्हणून मुंग्या एकामागे एक चालतात. ती त्यांची वासाची पायवाट असते.

हे खरे की खोटे, ते तुम्ही आजच पाहा. मुंग्यांची रांग दिसली, की ओले बोट रांगेवरून आडवे फिरवा. तेवढी जागा पुसून काढा. मुंग्या तिथे येऊन थबकतील. मागे वळतील. गोंधळतील. वाट पुसली गेली ना! स्वित्झर्लंड देशात अठराव्या शतकात शार्ल बॉने नावाचा एक अभ्यासक होऊन गेला. त्याने असेच बोट फिरवून पाहिले होते. दोनशे वर्षांपूर्वीचा हा प्रयोग तुमच्या ओट्यावर फुकट होतो.

थोड्या वेळाने मुंग्या वाट पुन्हा जोडतात. का? कारण गूळ तिथेच असतो. यावरून एक धडा घ्या. नुसती वाट पुसून भागत नाही. खाऊही उचलावा लागतो.

बिळात काय असते?

आपल्याला दिसतात त्या कामकरी मुंग्या. त्या सगळ्या माद्या असतात. पण त्या वंश वाढवत नाहीत. बिळात राणी असते. अंडी घालणे हे तिचे काम. बाहेर गेलेली मुंगी पोट भरून येते आणि तोंडाला तोंड लावून तो रस दुसरीला देते. दुसरी तिसरीला देते. अशा रीतीने राणीलाही खाऊ मिळतो आणि पिलांनाही मिळतो.

पावसाच्या आधी मुंग्या तोंडात पांढरे दाणे घेऊन पळताना दिसतात. “मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, आता पाऊस येणार,” असे आपण म्हणतो. ती बहुतेक अंडी नसतात. त्या अळ्या आणि कोश असतात, म्हणजे मुंग्यांची वाढती पिले. बीळ ओले झाले, की मुंग्या आपला कुटुंबकबिला उंच कोरड्या जागी हलवतात.

कधी पंख फुटलेल्या मुंग्या उडताना दिसतात. त्या नव्या राण्या आणि नर असतात. बाहेर हवेत त्यांचे लग्न लागते. नर लवकर मरतो. राणी पंख टाकते आणि नवे बीळ करते. “मुंगीला पंख फुटले” असे आपण बोलतो, ते हेच.

आता विचार करा. रांगेवर जालीम फवारा मारला, तर मेले कोण? बाहेर आलेल्या मुंग्या. राणी आत सुखरूप राहिली. ती पुन्हा अंडी घालते. चार दिवसांनी रांग परत हजर! घरात येणाऱ्या काही बारीक मुंग्यांच्या एका बिळात अनेक राण्या असतात. त्यांना फवाऱ्याचा त्रास झाला, की त्या फुटून वेगवेगळ्या ठिकाणी जातात. एका बिळाची चार बिळे होतात. पैसे खर्च करून आपण मुंग्या वाढवतो!

मुंग्या केव्हा वाढतात?

आपल्या भागात दोन वेळा त्रास जास्त होतो.

पहिली वेळ पावसाळ्याची. सह्याद्रीच्या पायथ्याला पाऊस धो धो कोसळतो. बिळांत पाणी शिरते. मुंग्यांना कोरडी जागा हवी असते. आपले घर कोरडे असते. त्या जोत्याच्या फटीतून, कुडाच्या भिंतीतून, दाराच्या चौकटीतून आत येतात.

दुसरी वेळ कडक उन्हाळ्याची. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते. आणि त्याच शहापूर तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी पाड्यांवर माणसे टँकरची वाट पाहतात. जिथे माणसाला पाणी नाही, तिथे मुंगीला कुठले? ती आपल्या माठाखाली येते. मोरीत येते. भांडी घासतो त्या ओल्या जागी येते. उन्हाळ्यात माठाखाली मुंग्या दिसल्या, तर त्या पाण्यासाठी आल्या आहेत असे समजा. माठाखालची जागा पुसून कोरडी ठेवा.

म्हणजे मुंगी तीन गोष्टींसाठी येते. खाऊ, पाणी आणि कोरडी जागा. आपण या तिन्हींचा बंदोबस्त करायचा.

पहिले काम : खाऊ झाका

मुंगीला गोड आवडते. तेलकट आवडते. मासळीचा वासही आवडतो. आपल्या घरात हे सगळे असते. गूळ, साखर, सुकट, बोंबील, वाळवलेली मोहाची फुले, पौषात म्हसाच्या यात्रेतून आणलेला खाऊ.

हे सगळे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्याचे झाकण सैल असेल, तर तोंडावर स्वच्छ कापड बांधा आणि त्यावर झाकण दाबून बसवा. डबा बाहेरूनही पुसा. डब्याला चिकटलेला गुळाचा एक बोटभर डागही रांग लावायला पुरतो.

रात्री उष्टी भांडी तशीच ठेवू नका. घासायला पाणी कमी असेल, तर निदान उष्टे काढून टाका आणि भांडी राखेने कोरडी पुसून ठेवा. चुलीपुढची जागा झाडून घ्या. उष्टे खरकटे घरापासून लांब, खताच्या खड्ड्यात टाका.

आता एक सोपी युक्ती. एका परातीत पाणी घाला. मध्ये वीट ठेवा. विटेवर गुळाचा डबा ठेवा. चारी बाजूंनी पाणी, मध्ये डबा. मुंगीला खंदक ओलांडता येत नाही. माहुलीच्या किल्ल्यासारखा तुमचा गूळ सुरक्षित! फळीला किंवा कपाटाला पाय असतील, तर प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवा.

पण यात दोन गोष्टी सांभाळा. डबा किंवा कपाट भिंतीला टेकू देऊ नका. टेकले, की मुंगी भिंतीवरून पूल करते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाका, वाटी घासा आणि नवे पाणी घाला. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मुंगी टाळायला जावे आणि डेंग्यू घरात यावा, असे होऊ नये.

दुसरे काम : वाट पुसा

खाऊ झाकला. आता वासाची वाट पुसायची. त्याला काय लागते? साबणाचे पाणी आणि एक फडके. बस्स.

भांड्याचा किंवा कपड्याचा थोडा साबण पाण्यात विरघळवा. फडके भिजवून रांग जिथून सुरू होते तिथपासून जिथे संपते तिथपर्यंत पुसून काढा. साबणाच्या पाण्याने वास जातो. मुंगीवर ते पाणी पडले तर मुंगीही मरते. रिठ्याचे पाणीही चालते. हे दोन-तीन दिवस रोज करा.

पुसण्याआधी मात्र एक काम करा. घाई करू नका. रांगेच्या मागे मागे जा. ती कुठल्या फटीतून आत येते, ते पाहा. त्या फटीवर कोळशाने खूण करा. रांग पुसली आणि फट सापडली नाही, तर अर्धे काम फुकट गेले.

“आई, हळद टाकली तर चालते ना?” सून विचारते.

“चालते की. आमच्या वेळी आम्ही हळदच टाकायचो,” सासू म्हणते.

दोघींचेही खरे आहे. हळदीची किंवा कोरड्या राखेची रेघ ओढली, तर मुंगी ती ओलांडायला कचरते. पण ही रेघ कुंपणासारखी आहे. कुंपणाने गुरे अडतात, मरत नाहीत. वाऱ्याने रेघ विसकटली, ओल लागली, की मुंगी परत येते. म्हणून हळद-राख ही एक-दोन दिवसांची सोय समजा. राख गार झालेली घ्या. तीत निखारा नाही, हे पाहून घ्या.

तिसरे काम : फट बुजवा

कोळशाची खूण केली आहे ना? आता ती फट बुजवा. कुडाची किंवा मातीची भिंत असेल, तर शेणमातीने लिंपून घ्या. घरकुलाचे पक्के घर असेल, तर थोडे सिमेंट लावा. दाराची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये, जमीन आणि भिंत यांच्या कोपऱ्यात, विजेच्या बोर्डाजवळ अशा फटी असतात. विजेच्या बोर्डात मात्र ओले फडके किंवा काडी घालू नका. तिथे विजेचे काम जाणणाराच हात लावील.

भिंतीला टेकलेला लाकूडफाटा, पेंढा, जुन्या कौलांचा ढीग हातभर लांब सरकवा. घराला टेकलेली फांदी छाटा. मुंगी फांदीवरून सरळ आढ्यावर उतरते. हे काम मिरगाच्या आधी, घर शाकारताना किंवा कौले चाळताना केले, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

अंगणातले बीळ अगदी दाराशी असेल, तर उकळते पाणी सावकाश ओतता येते. पण पोरे आणि कोंबड्या आधी दूर करा. मातीच्या भिंतीच्या पायाशी आणि झाडाच्या मुळाशी उकळते पाणी ओतू नका. पाया खचतो आणि झाड मरते.

हे सारे करून भागले नाही तर?

बहुतेक घरांत वरची तीन कामे पुरतात. तरीही मुंग्या हटत नसतील, तर राणीपर्यंत पोचावे लागते. त्यासाठी मुंगीच्याच हातून खाऊ पाठवायचा.

औषधाच्या दुकानात बोरिक पावडर मिळते. पुडीवर ‘बोरिक ॲसिड’ असे लिहिलेले वाचून घ्या.

एक पेला, म्हणजे सुमारे पाव लिटर पाणी घ्या. त्यात पाच लहान चमचे साखर घाला. अर्धा लहान चमचा बोरिक पावडर घाला. कोमट करून नीट ढवळा. या पाण्यात कापसाचा बोळा भिजवा. एका लहान प्लॅस्टिकच्या डबीत बोळा ठेवा. डबीच्या झाकणाला सुईने चार-पाच भोके पाडा आणि झाकण घट्ट लावा. मुंगी भोकातून आत जाईल. मुलाचे बोट जाणार नाही. डबी रांगेजवळ, शक्यतो घराबाहेर, बिळाच्या वाटेवर ठेवा. वर दगड ठेवा, म्हणजे कुत्रे-कोंबडी ती उलथणार नाही.

मग काय होते? मुंग्या डबीवर तुटून पडतात. घाबरू नका. त्यांना पिऊ द्या. त्या वाटेवर आता साबण लावू नका. त्या हे पाणी बिळात नेतात, एकमेकींना भरवतात, राणीला भरवतात. हळूहळू सारे बीळ संपते. याला एक ते तीन आठवडे लागतात. बोळा सुकला तर बदला.

कुणी म्हणेल, “अर्धा चमचाच का? जास्त टाकू की!” तसे करू नका. पावडर जास्त झाली, तर मुंगी वाटेतच मरते. बिळापर्यंत खाऊ पोचत नाही. इथे जोर उपयोगाचा नाही. धीर उपयोगाचा आहे.

आणि हेही ध्यानात ठेवा. बोरिक पावडर इतर विषांपेक्षा सौम्य आहे, पण ती खाण्याची वस्तू नाही. टाकणखारही त्याच जातीचा. तोंड आले, की काही घरांत तान्ह्या मुलाला टाकणखाराची लाही मधातून लावतात. म्हणून लोकांना वाटते, याने काही होत नाही. तसे नाही. लहान मुलाच्या पोटात ही वस्तू वारंवार किंवा जास्त गेली, तर मूल आजारी पडते, जिवावरही बेतते. ढवळायला घेतलेला चमचा आणि पेला स्वयंपाकात परत वापरू नका. घरात रांगते मूल असेल, तर डबी घराच्या आत ठेवूच नका.

जालीम औषध का नको?

शेतात वापरायचे औषध घरात आणणे हा मोठा धोका आहे. भाताच्या शेतात टाकायचे फोरेट नावाचे दाणेदार विष पुष्कळांना ठाऊक आहे. ते इतके जहाल, की केंद्र सरकारने २०१८ साली हुकूम काढला आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंत त्याचा वापर पूर्ण बंद करायला लावला. बीएचसी पावडर, जिला लोक गमॅक्सिन म्हणत, तिच्यावर १९९७ सालीच बंदी आली. कुणाच्या माळ्यावर अशी जुनी पुडी पडली असेल, तर ती मुंग्यांवर टाकू नका. चुलीत जाळू नका. विहिरीत किंवा ओढ्यात फेकू नका. पोरांपासून दूर, कुलपात ठेवा आणि तिचे काय करायचे, ते कृषी खात्याच्या माणसाला विचारा.

मुंग्यांसाठी खडूही मिळतो. तो शाळेतल्या खडूसारखाच दिसतो. त्यातही कीटकनाशक असते. मुलाला काय ठाऊक? ते पाटीवर रेघा मारते आणि बोट तोंडात घालते. रॉकेल शिंपडणेही नको. चूल पेटती असते, आणि बाटलीतले रॉकेल पाणी समजून मूल पिते.

बिहार राज्यात सारण जिल्हा आहे. तिथे गंडामन नावाच्या गावात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतल्या मुलांनी दुपारचे जेवण घेतले. त्या जेवणाने २३ मुले दगावली. तपासणी झाली. जेवणात आणि स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीतले कीटकनाशक सापडले. कुणी मुद्दाम मुंगी मारायला गेले नव्हते. पण विष आणि अन्न एकत्र आले. ते एकत्र आले, की काय होते, ते साऱ्या देशाने पाहिले.

म्हणून कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला, तरी त्यात तेल, पाणी, धान्य भरू नका. तो भोसकून निकामी करा.

डब्यावरचा रंग वाचा

कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो. तो कोनावर उभा असतो, पतंगासारखा. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. कायद्याने हा रंग ठरवून दिला आहे.

तांबडा रंग : अत्यंत जहाल विष. वर कवटी आणि हाडांचे चित्र असते.

पिवळा रंग : जहाल विष.

निळा रंग : मध्यम विषारी.

हिरवा रंग : कमी विषारी.

हिरवा म्हणजे निर्धोक, असे समजू नका. हिरवा असला तरी ते विषच. आणि ज्या सुट्या पुडीवर नाव नाही, रंग नाही, तारीख नाही, ती विकतच घेऊ नका. पूर्वी आपण दुकानदार सांगेल ते ऐकत होतो. आता आपल्याला अक्षरे येतात. “शेठ, यावर काय लिहिलंय ते वाचू द्या आधी,” असे म्हणायला लाजू नका.

चुकून पोटात गेले तर?

मुलाने विष खाल्ले किंवा तसा संशय आला, तर घरगुती उपाय करत बसू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. उलटी होताना विष छातीत जाऊ शकते. अंगावर सांडले असेल, तर कपडे काढा आणि अंग साबणाने धुवा. डोळ्यात गेले असेल, तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी सोडत राहा.

१०८ क्रमांकाला फोन करा. रुग्णवाहिका येते, तिचे पैसे पडत नाहीत. नाहीतर मिळेल त्या गाडीने जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. विषाची पुडी किंवा डबा बरोबर न्या. कुठले विष, हे डॉक्टरला कळले, की उपाय लवकर होतो.

तान्ह्या बाळाला जपा

बाळाच्या ओठाला दूध लागलेले असते. त्या वासाने मुंग्या झोळीत येतात. बाळ रडते आणि का रडते ते कळत नाही. पाजून झाले, की बाळाचे तोंड आणि मान ओल्या फडक्याने पुसा. दुधाने भिजलेली दुपटी लगेच बदला. झोळीच्या दोरीला वरच्या बाजूला एक चिंधी गुंडाळा आणि ती एरंडेल तेलात भिजवून ठेवा. चिकट तेलावरून मुंगी सहसा येत नाही. तेल सुकले, की पुन्हा लावा. झोळीत किंवा बाळाच्या अंथरुणाखाली कुठलीही पावडर टाकू नका, खडूची रेघही ओढू नका.

मुंगी चावली, तर ती जागा साबणाने धुवा आणि गार पाण्याची घडी ठेवा. तोंड सुजले किंवा श्वास लागला, तर लगेच दवाखाना गाठा.

सगळ्या मुंग्या मारायच्या का?

नाही. मुंगी घरात नको, पण शेतात आणि रानात हवी. ती वाळवी खाते, किड्यांची अंडी आणि अळ्या खाते. मेलेले किडे ओढून नेऊन जागा साफ करते. वाळवीला कुणी पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुंगीच्या जातीची नाही. घराचे लाकूड पोखरणारी ती वाळवी. मुंगी तिची वैरीण.

आंब्याच्या झाडावर पाने जोडून घरटे करणारी तांबडी मुंगी तुम्ही पाहिली असेल. ओंबील म्हणतात तिला. ती कडकडून चावते खरी. पण झाडावरची कीड तीच खाते. चीन देशात इ. स. ३०४ च्या सुमाराच्या एका ग्रंथात लिहिले आहे, की लोक अशा मुंग्यांची घरटी बाजारातून विकत आणत आणि संत्र्याच्या जातीच्या झाडांवर सोडत. म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याने मुंगीला राखणदार नेमले होते!

आपल्याकडेही म्हातारी माणसे बिळावर चिमूटभर साखर किंवा पीठ घालतात. तो आपला चांगला रिवाज आहे. मोडू नका. फक्त एवढे करा. साखर घराजवळ न घालता बांधावरच्या बिळावर घाला. पुण्यही पदरी पडेल आणि मुंगीही घर सोडून तिकडे रमेल.

आठ दिवसांचा बेत

पहिला दिवस : रांगेमागे जा. फटीवर कोळशाने खूण करा. गूळ, साखर, सुकट झाका.

दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस : रांग साबणाच्या पाण्याने पुसा. रात्री उष्टे ठेवू नका.

पाचवा दिवस : फटी लिंपा. लाकूडफाटा भिंतीपासून सरकवा.

सहावा आणि सातवा दिवस : पाहत राहा. नवी रांग दिसली, तर पुन्हा मागे जा.

आठवा दिवस : तरीही मुंग्या येत असतील, तर बाहेर बोरिकची डबी ठेवा. तिच्याकडे जाणारी रांग मात्र पुसू नका.

आणि शेवटी एक काम. घरात जे काही विषारी आहे, शेताचे औषध, उंदराचे औषध, बोरिक पावडर, ते सगळे एका पेटीत घाला. पेटी अन्नापासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवा आणि तिला कुलूप लावा. मग एक कागद घ्या. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : ‘विष. हात लावू नका.’ तो कागद पेटीवर चिकटवा. हे अक्षर दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ नका. तुम्ही स्वतः लिहा. तुम्ही शिकलात, त्याचा हा उपयोग. तुमच्या हातचे हे अक्षर कदाचित एखाद्या मुलाचा जीव वाचवील.

वर्गात बोला

१. मुंग्या एकामागे एक रांगेने का चालतात?

२. फवारा मारूनही मुंग्या परत का येतात?

३. वाटीतले पाणी दोन-तीन दिवसांनी का बदलावे?

४. डब्यावरचा तांबडा रंग काय सांगतो?

५. तुमच्या घरात विष कुठे ठेवले आहे? आज घरी गेल्यावर पाहा आणि उद्या वर्गात सांगा.